शेपटाचे चाक पुढे आले

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे सेसना १५२ हे प्रशिक्षणाचे विमान शेतात कोसळले. एकटीने उड्डाण करणारी विद्यार्थिनी जखमी झाली, पण वाचली. अशी बातमी वाचली की आपण लगेच विचारतो, चुकले कोणाचे? धावपट्टीवर उतरताना होणाऱ्या एका जुन्या अपघाताचा इतिहास या प्रश्नाबद्दल बरेच शिकवतो.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी शिकण्यासाठी मॉथ जातीची विमाने असत. त्यांची दोन मोठी चाके पुढे आणि तिसरा टेकू शेपटाखाली असे. पुढे भारतात तयार झालेल्या एचटी-२ आणि पुष्पक विमानांतही शेपटालाच चाक होते. अशा विमानाचे नाक उतरल्यावर जरा वळले, की विमान गर्रकन फिरे आणि पंख जमिनीला घासे. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. सुकाणू पायांनी चालते, त्यामुळे दोष विद्यार्थ्याच्या पायांना लागे.

खरे कारण चाकांच्या जागेत होते. शहागडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टर आठवा. ट्रॉली जरा तिरपी झाली, की अधिकच तिरपी होत जाते. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असला तर असेच घडते. चाके घर्षणाने मंदावतात, मागचे वजन मात्र पुढे जाऊ पाहते आणि वळण वाढत जाते.

१९३०च्या दशकात अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी तिसरे चाक नाकाखाली आणले आणि मोठी चाके गुरुत्वमध्याच्या मागे नेली. आता विमान आपोआप सरळ होऊ लागले. १९५६ साली बाजारात आलेल्या सेसना १७२ने ही रचना घरोघरची केली. शिकणाऱ्याचे पाय तेच राहिले, ग्राउंड लूप मात्र खूप कमी झाले.

नव्या रचनेत नवी चूकही आली. नाकाचे चाक आधी टेकले तर विमान उसळते. घाबरून नाक खाली दाबले, तर ते चाक मोडते. म्हणून शिक्षकाची गरज संपली नाही.

वर्गात करून पाहा: फळीला एका टोकाला दोन पक्की चाके आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीचे फिरते चाक लावा. मध्ये वजन ठेवून ती उतारावर जरा तिरपी सोडा, एकदा फिरते चाक पुढे आणि एकदा मागे ठेवून. कोणती गाडी सरळ जाते? सारा वर्ग एकच चूक करत असेल, तर मुलांना बोलण्याआधी साधनही तपासावे.