विरक्तीचा जमाखर्च : ना. वा. टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी वाङ्मयेतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची नोंद प्रामुख्याने ‘फुलामुलांचे कवी’ अशी होते आणि त्यांचे धर्मांतर हा चरित्राचा भाग मानून बाजूला ठेवले जाते. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारला जात नाही. ख्रिस्ती श्रद्धेत त्यांना जी आत्मिक समृद्धी लाभली, तिचे ऐहिक मोल काय होते, आणि ते कोणी चुकते केले?

हा प्रश्न ‘त्यागा’च्या रूढ कल्पनेने सुटत नाही. टिळक धनिक कुळातले नव्हते. कोकणातील करजगावी जन्म, कल्याणला प्राथमिक शिक्षण, पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्याचे अध्ययन असा त्यांचा प्रवास आहे. कल्याण व नाशिक यांच्यामध्ये शहापूरचा मुलूख आणि कसाऱ्याचा घाट पसरलेला आहे. कोकणातून देशावर विद्येसाठी जाणाऱ्या कित्येक ब्राह्मण मुलांची हीच वाट होती. शिक्षकी, पौरोहित्य, छापखान्यातील खिळे जुळवणे असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. तेव्हा १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेताना सोडण्याजोगी संपत्ती त्यांच्यापाशी नव्हती. गमावले ते जात, आप्त आणि काही काळ पत्नी-पुत्र यांचा सहवास. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पण पंगतीतली जागा कोणताही कायदा परत मिळवून देऊ शकत नव्हता.

दुसरीकडे, धर्मांतरितांवर ‘पोटासाठी बाटले’ हा आरोप त्या काळी सर्रास होत असे. मिशनच्या नोकरीमुळे त्याला आधारही मिळे. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला अध्यापन करणारे आणि १९१२पासून ‘ज्ञानोदय’चे संपादन करणारे टिळक याच पेचात होते. ख्रिस्त त्यांना स्वदेशी भक्तिपरंपरेत भेटला होता. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. मात्र त्या ख्रिस्ताची सेवा परक्या देशातून येणाऱ्या पैशावर चालत होती. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावतील अशी ही कल्पना होती. या कृतीकडे केवळ वैराग्य म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वेतनाचा त्याग हे वसाहतकालीन ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्याचे विधान होते. श्रद्धा विकत घेतलेली नाही, हे सिद्ध करण्याचा अन्य मार्ग त्यांच्यापुढे फारसा नव्हता.

या त्यागाच्या दोन भिन्न संहिता आपल्यापुढे आहेत. जे. सी. विन्स्लो यांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली निघाले. त्यात टिळक संतपदाच्या उजेडात उभे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागशः प्रसिद्ध झाली. तेथे तोच त्याग स्वयंपाकघराच्या बाजूने दिसतो. हाती आलेला पैसा घरी न पोचणे, पाहुण्यांचा व आश्रितांचा राबता, पतीचे अकस्मात घर सोडून जाणे हे सारे बाई विनोदाने सांगतात. परंतु हा विनोद तक्रार झाकण्यासाठी नाही. तो जमाखर्च मांडण्याची एक रीत आहे. टिळकांच्या औदार्याची जमा देवाच्या खात्यावर पडत असेल, खर्च मात्र पत्नीच्या वहीत पडतो. विन्स्लोंच्या चरित्रात ही वही उघडली जात नाही.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हे टिळकांवरील आरोपपत्र ठरते काय? तसे वाचणेही एकांगी होईल. ग्रंथारंभी वडिलांचे पराकोटीचे सोवळे येते. मीठसुद्धा धुवून घेणारे ते घर आहे. तेथून जातिभेद ईश्वराने केलेला नाही या जाणिवेपर्यंत लक्ष्मीबाई येतात, आणि येतात त्या स्वतःच्या पायांनी. पतीमागोमाग त्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. विरह, अपमान आणि प्रदीर्घ विचार यांतून जाऊन सुमारे पाच वर्षांनी त्या त्या निर्णयाशी पोचल्या. टिळकांची समृद्धी सोडण्यात आहे. लक्ष्मीबाईंची सामावून घेण्यात. परक्याच्या हातचे पाणी, प्लेगचे रुग्ण, निराधार मुले यांना त्यांच्या घरात क्रमाक्रमाने जागा मिळत जाते. सोवळ्याने आखलेली जागा श्रद्धेने रुंदावली, हा या आत्मकथनाचा खरा आशय आहे. गरिबीचे गौरवीकरण त्यात कोठेही नाही. दारिद्र्य हे त्यांच्या लेखी दारिद्र्यच असते.

पुढील इतिहास या वाचनाला पुष्टी देतो. ‘देवाच्या दरबारा’च्या स्थापनेनंतर दोन वर्षांच्या आत, मे १९१९मध्ये, टिळक निवर्तले. फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’शी नाते सांगणारे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांपाशी थांबले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, तेही चौसष्ट अध्यायांची भर घालून. शाळेचे शिक्षण नसलेल्या स्त्रीने हे कार्य करावे, याचा उल्लेख कौतुकाने होतो. त्याचा अन्वयार्थ मात्र क्वचितच लावला जातो. संन्याशाने जे अपुरे ठेवले ते संसारी बाईने सिद्धीस नेले.

ऐहिकापलीकडची श्रीमंती हा विषय वाङ्मयात बहुधा त्याग करणाऱ्याच्या तोंडून येतो. ‘स्मृतिचित्रे’ने त्याची दुसरी साक्ष नोंदवून ठेवली. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा, किंबहुना एकूण भक्तिवाङ्मयाचा इतिहास लिहिताना संतांच्या घरच्या माणसांची ही साक्ष वगळली, तर विरक्तीची आपली व्याख्या अर्धीच राहील.