माड, माणूस आणि एक फास



इतिहासाच्या गप्पांत आपण तलवारी बघतो, तोफा बघतो, नाणी बघतो. आज तुमच्यासमोर दोरीचा एक तुकडा ठेवतो. काथ्याची साधी दोरी, दोन्ही टोके बांधून तिचे कडे केलेले. हे कडे दोन्ही पावलांत अडकवायचे आणि साठ-सत्तर फुटांच्या माडावर चढायचे. केरळात याला 'तळप्पू' म्हणतात. वर जाऊन नारळ पाडायचे, माडी काढायची किंवा झावळ्या साफ करायच्या, आणि तसेच खाली यायचे.

ही दोरी माणसाला धरते कशी? चढणारा पावले खोडाच्या दोन बाजूंना टेकवतो. शरीराचा भार खाली आला की कडे ताणले जाते, आणि तळवे खोडावर घट्ट दाबले जातात. जितका भार जास्त, तितकी पकड जास्त. मग तो हातांनी खोडाला मिठी मारतो, पायांवरचा भार काढतो; दोरी सैल पडते आणि पावले वर सरकतात. भार पडला की आवळायचे, भार निघाला की सुटायचे. एवढे एक सूत्र लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट याच सूत्राची आहे.

आपल्या किनारपट्टीवर हे सूत्र निरनिराळ्या रूपांत दिसते. तमिळनाडूत ताडावर चढणारे नाडार पायांत असाच फास घालत. तेलंगणातील गौड समाज 'मोकू' नावाचा दोर वापरतो. तो माणसाला आणि ताडाच्या खोडाला एकत्र वेढतो. कोकणात आणि गोव्यात मात्र माडाच्या खोडालाच खाचा पाडायची पद्धत रुळली. खोडाची पायरी केली की काम सोपे होते, पण त्याची किंमत झाड मोजते. आंबा-फणसाच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो, तो जखम हळूहळू झाकतो. माडाला तो थरच नाही. माडाला पाडलेली खाच आयुष्यभर उघडी राहते. तिथे पाणी मुरते, कूज लागते, सोंड्या भुंग्याला आत शिरायला वाट मिळते. परदेशातले वृक्षकामगारही बुटांना लावायचे लोखंडी काटे शक्यतो तोडायच्याच झाडावर वापरतात, ते याच कारणाने: जे झाड जगवायचे, त्याला भोसकायचे नाही.

आता खरा प्रश्न. शेकडो वर्षे हजारो माणसे रोज झाडावर चढत होती. बैलगाडीची मोटार झाली, गलबताची आगबोट झाली, पण पायातली दोरी तशीच राहिली. का?

उत्तर झाडावर नाही, झाडाखाली आहे. चढणारे कोण होते ते बघा. कोकणात भंडारी, केरळात ईळवा आणि तिय्या, तमिळनाडूत नाडार, तेलंगणात गौड. काम जातीला चिकटलेले, आणि त्या कामाला कमीपणा चिकटलेला. बाग एकाची, जीव दुसऱ्याचा. बागायतदाराला नारळ हवे होते, ते मिळत होते. मग साधन सुधारायची गरज कुणाला वाटणार? इंग्रज सरकारची नजरही झाडाकडेच होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढण्यावर परवाना आणि झाडागणिक कर बसवला. माडीसाठी लावलेला प्रत्येक माड हिशेबात आला. तो महसुलाचा कायदा होता. वर चढणारा पडला तर काय, हा त्याचा विषयच नव्हता.

आता थोडे युरोपात जाऊ. १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने एक गाठ प्रसिद्ध केली. मुख्य दोरावर बारीक दोरीचे वेढे द्यायचे. भार पडला की वेढे आवळतात, भार काढला की गाठ हाताने वर सरकवता येते. ओळखीचे वाटते ना? आपल्या माडावरचे सूत्रच हे, फक्त खोडाच्या जागी दोर आला. पुढे नायलॉन आले. १९३५ मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने ते तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिर्यारोहकांच्या हाती झटका सोसणारे, न कुजणारे दोर आले. डोंगरावरच्या या युक्त्या झाडावर पोचल्या. आज पाश्चात्त्य देशांत झाड उतरवणारा कामगार कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधतो, दोर वरच्या भक्कम फांदीवरून घेतो आणि सरकत्या गाठीवर स्वतःला तोलतो. करवत चालवताना तो दुसरा एक आखूड दोर झाडाला बांधतो, आणि या दोरात बऱ्याचदा पोलादी तार असते, म्हणजे करवत चुकून लागली तरी तो सहजासहजी तुटत नाही. एक दोर कामाचा, एक दोर जिवाचा.

झाड तोडणे हे चढण्याहून अवघड, हेही सांगायला हवे. आजूबाजूला घरे असतील तर झाड बुंध्यातून पाडता येत नाही. आधी शेंडा उतरवायचा, मग खोडाचे तुकडे करत खाली यायचे. प्रत्येक तुकडा कापण्याआधी दोराने बांधायचा आणि खालच्या माणसाने तो दोर हळूहळू सोडायचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा बागाच्या बागा आडव्या झाल्या. असे कलंडलेले, एकमेकांवर रेललेले झाड सर्वांत धोक्याचे. त्याच्या खोडात ताण भरलेला असतो. चुकीच्या बाजूने करवत लावली तर खोड फाटून उसळते.

परत केरळात येऊ. तिथे एक वेगळीच क्रांती झाली. नारायण गुरूंनी आपल्या समाजाला मद्य करू नका, विकू नका, पिऊ नका असे सांगितले आणि शिक्षणाचा आग्रह धरला. मुले शाळेत गेली, पुढे नोकऱ्या आल्या, आखाती देश आले. माडाच्या शेंड्याकडे बघणारा तरुण कमी होत गेला. मग नारळ झाडावरच वाळू लागले, आणि बागायतदाराला पहिल्यांदाच चढणाऱ्याची किंमत कळली.

याच काळात कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एम. जे. जोसेफ उर्फ अप्पच्चन या शेतकऱ्याने माडावर चढायचे यंत्र बनवले. डाव्या आणि उजव्या पायासाठी दोन सांगाडे, प्रत्येकाला खोडाभोवती तारेचा फास. एका पायावर उभे राहायचे, दुसरा वर सरकवायचा. भार पडला की तार आवळते, भार काढला की सैल होते. तळप्पूच तो, फक्त लोखंडाचा! २०११ मध्ये नारळ विकास मंडळाने 'नारळवृक्षाचे मित्र' हा उपक्रम सुरू केला. त्यात सहा दिवसांचे प्रशिक्षण, यंत्र आणि विमा मिळू लागला. स्त्रियाही माडावर चढू लागल्या. जातीने ठरवलेले काम पहिल्यांदाच शिकून घ्यायचे कौशल्य झाले.

पण यंत्र शेंड्यापर्यंत नेते, शेंड्यात सांभाळत नाही. तिथे हात सुटतो, कोयता चालतो, आणि नेमका तिथेच जिवाचा दोर लागतो. जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने ताडी काढणाऱ्या गौडांना सुरक्षा संच देणे सुरू केले. त्याला नाव दिले त्यांच्या दैवताचे, काटमय्याचे. त्यात गिर्यारोहणाच्या धर्तीचे पट्टे आणि दोर आहेत. डोंगरावरचे साधन ताडावर यायला इतका काळ लागला!

ज्ञान नव्हते म्हणून उशीर झाला का? मला तसे वाटत नाही. जे सूत्र प्रुसिकच्या नावाने जगभर गेले, ते आपल्या पाडेल्याच्या पायात आधीपासून होते. कमतरता होती ती त्याचा जीव मोलाचा मानण्याची. तेव्हा पुढच्या वेळी शहाळे फोडून घ्याल, किंवा सोसायटीतला माड उतरवायला माणूस बोलवाल, तेव्हा दर ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: दादा, दुसरा दोर आणलाय ना?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.