जबड्यातील अस्थिरोपण

जबड्यातील अस्थिरोपण म्हणजे झिजलेल्या किंवा गमावलेल्या जबड्याच्या हाडाची भर घालणारी दंतशस्त्रक्रिया होय. दात काढल्यानंतर त्याला आधार देणारे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. अशा हाडात कृत्रिम दाताचा टायटॅनियमचा स्क्रू पक्का बसत नाही. म्हणून तेथे रुग्णाचेच हनुवटीचे वा कमरेचे हाड, प्रक्रिया केलेले गाईचे हाड किंवा कॅल्शियम फॉस्फेटचे कण भरतात. स्वतःचे हाड सर्वांत गुणकारी मानले जाते, कारण त्यात जिवंत पेशी असतात. मात्र त्यासाठी दुसरी जखम पत्करावी लागते. नवे हाड तयार होण्यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह यांमुळे रोपण फसण्याचा धोका वाढतो.

२०२१ मध्ये कोविडनंतर झालेल्या म्युकरमायकोसिसमुळे महाराष्ट्रातील अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला छिद्र राहिल्यास प्यालेले पाणी नाकात येते व बोलणे अस्पष्ट होते. एवढी पोकळी कणांनी भरत नाही. पायातील फिब्युला हे हाड रक्तवाहिन्यांसह आणून जोडावे लागते. अनसिंग (ता. वाशिम) यांसारख्या गावांतील रुग्णांना नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत जाता येते, पण हे उपचार टप्प्याटप्प्याने चालत असल्याने फेऱ्या अनेक होतात.