घरच्या संगणकाची चाकरी

काष्टी हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदें तालुक्यांतील गांव. दौंडहून निघालेला लोहमार्ग भीमा ओलांडून येथें येतो, आणि जनावरांच्या बाजारामुळें गांवाचें नांव दूरवर ठाऊक आहे. येथील एखाद्या घरांत कोपऱ्यांत पडलेला जुना संगणक ‘सर्व्हर’ होऊं शकेल काय, असें कोणीं विचारलें, तर उत्तर केवळ यंत्रांत शोधून भागणार नाहीं. सर्व्हर ही यंत्राची जात नव्हे. ती चाकरी आहे. मालक निजला असतांही जो जागा राहतो, परक्याची हांक ऐकतो आणि मागेल तें देतो, तो सर्व्हर. सर्न या युरोपांतील संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जागतिक जाळ्याचा पहिला सर्व्हर चालविला, तोही टेबलावरचाच संगणक होता. कोणीं चुकून बंद करूं नये म्हणून त्यावर सूचनेची चिठ्ठी डकवावी लागली!

हौशी माणसांच्या यंत्रांनीं ही चाकरी त्यापूर्वींच पत्करली होती. १९७८ च्या जानेवारींत शिकागो शहर हिमवादळानें कोंडलें असतां वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोघां मित्रांनीं एक ‘सूचनाफलक’ रचावयास घेतला, आणि १६ फेब्रुवारीस तो सुरू केला. घडण साधी होती. एक संगणक, एक टेलिफोनची तार, आणि मध्यें संगणकाच्या खुणांचे सूर करणारा मोडेम. घंटा वाजली कीं यंत्र स्वतःच फोन उचली. फोन करणारा आलेले निरोप वाची, आपला निरोप ठेवी आणि निरोप घेई. पुढें १९८४ मध्यें टॉम जेनिंग्ज यांनीं फिडोनेट काढलें. त्यांत असे फलक रात्रीं एकमेकांस फोन करून टपालाची देवघेव करीत.

हिंदुस्थानांत ही विद्या आणणाऱ्यांत एक मराठी आडनांव अग्रभागीं आहे. अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ सालीं बर्लिन येथें झाला. वाढले ते बेळगांवीं, आणि अभियांत्रिकी शिकले तेंही तेथेंच. १९८९ पासून १९९५ पर्यंत त्यांनीं बंगळूर येथें ‘सिक्स’ नांवाचा फलक चालविला. देशांतील अगदीं पहिल्या फलकांत त्याची गणना होते. त्या काळीं सेकंदास २४०० बिट हा वेग सामान्य होता. म्हणजे दोन हजार रोमन अक्षरांचें पान यावयास आठ-नऊ सेकंद. एका तारेवर एका वेळीं एकच पाहुणा. दुसऱ्यास तार गुंतल्याचा सूर ऐकूं येई. काष्टीच्या माणसानें हा फलक पाहावयाचा म्हटला, तर परगांवच्या दरानें मिनिटा-मिनिटाचे पैसे मोजणें आलें. त्यामुळें फलक देशाचा असला तरी गिऱ्हाईक बहुधा शहरचें.

खरें संकट तारेहूनही कायद्याचें होतें. १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्यानें विद्युत्-टपाल व सूचनाफलक चालविणाऱ्यांकडून वर्षास लाखो रुपयांचें परवानाशुल्क मागण्याचें ठरविलें. ज्याच्या घरीं एक संगणक व एक टेलिफोन, त्यानें हें द्यावें कोठून? हौशी मंडळींनीं निषेध केला. मोठ्या कंपनीस जें शुल्क, तेंच शेजाऱ्यांचे निरोप सांभाळणाऱ्यास लावणें यांत न्याय मुळींच नव्हता. पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें, आणि फलकांचें महत्त्व ओसरलें.

चिटणीस मात्र थांबले नाहींत. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या तबकडीबरोबर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घरोघर पोंचविण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. महागड्या आज्ञावलींचें काम ती जुन्या यंत्रावरही करी, त्यामुळें सर्व्हर उभारण्यास लागणारा पैसा एकदम उतरला. २०१३ सालीं त्यांचें निधन झालें.

आज काष्टींतील टाकाऊ संगणकही ‘सिक्स’च्या काळांतील यंत्रांहून शेंकडों पट समर्थ आहे. अडतें तें दाराशीं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारें ४३० कोटीच. ते अपुरे पडल्यानें पुष्कळ कंपन्या अनेक घरांस एकाच पत्त्यामागें बसवितात. आंतून बाहेर जातां येतें. बाहेरून आलेल्या हांकेस घर सांपडत नाहीं. नव्या पद्धतीचा पत्ता मिळाला, किंवा अधिक पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घेतला, तर दार उघडतें. आणि तें उघडतांच चोरही तें ठोठावूं लागतात. तेव्हां परवलीचा शब्द बळकट हवा, आज्ञावली वरचेवर अद्ययावत् करावयास हवी. शिवाय वीज गेल्यास बॅटरी हवी. संगणक लॅपटॉप असेल तर ती त्याच्या पोटांतच असते. मोडेमसाठीं मात्र निराळी घ्यावी लागते.