तीर्थ : पैलतीराला नेणारा शब्द

‘तीर्थ’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने दोन गोष्टी उभ्या राहतात : काशी-पंढरपुरासारखे क्षेत्र आणि पुजाऱ्याने पळीने तळहातावर घातलेले पाणी. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी व्यावहारिक आहे. जेथून पाण्यात सुखरूप उतरता येते आणि नदी पायी ओलांडता येते, ती जागा म्हणजे तीर्थ. मराठीत ज्याला नदीचा ‘उतार’ म्हणतात, तेच हे स्थान.

‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे. या संस्कृत धातूला ‘थक्’ हा उणादी प्रत्यय लागून ‘तीर्थ’ शब्द सिद्ध होतो. ऋग्वेदातही तो नदीच्या उताराच्या अर्थाने आढळतो. तरणे, तारणे, तारू, उतार, उतारू, अवतार हे शब्द याच धातूच्या कुळातील. पूल नव्हते तेव्हा उताराचे महत्त्व जगभर सारखेच होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड म्हणजे ‘बैलांचा उतार’ आणि जर्मनीतील फ्रँकफुर्ट म्हणजे ‘फ्रँक लोकांचा उतार’.

भारतात या शब्दाने पुढचा प्रवास केला. नदी पार करण्याच्या जागेवरून तो भवसागर पार करण्याच्या जागेला लागू झाला आणि नद्यांचे संगम, कुंडे, सरोवरे तीर्थे ठरली. वाट दाखविणारा गुरूही तीर्थ ठरला. एकाच गुरूपाशी शिकणाऱ्यांना ‘सतीर्थ्य’ म्हणतात. पाणिनीच्या सूत्रांत या शब्दाची व्युत्पत्ती आहे. जैन परंपरेत संसारसागर तरून जाण्यासाठी उतार निर्माण करणारा तो ‘तीर्थंकर’. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका यांचा चतुर्विध संघ हेच तेथे तीर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्री, पुरोहित, सेनापती आदी १८ उच्चाधिकाऱ्यांना तीर्थे म्हटले आहे. तळहातावरही देवतीर्थ, पितृतीर्थ अशा जागा मानल्या गेल्या. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागील ‘तर्कतीर्थ’ ही विद्येची पदवी, तर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावातील ‘तीर्थ’ हे संन्याशांच्या दशनामांपैकी एक. पत्राच्या मायन्यात वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहिण्याची पद्धत तर मराठी घराघरांत होती. बोलीत मात्र याच शब्दाने थट्टेने मद्याचाही निर्देश होतो!

या साऱ्या अर्थांत एक धागा समान आहे. तीर्थ हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. ती पलीकडे जाण्याची वाट आहे, आणि वाट सर्वांची असते. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना हाच मुद्दा येतो. यज्ञाला विपुल द्रव्य लागते, ते दरिद्री माणसाला परवडत नाही. तीर्थयात्रा मात्र त्यालाही साध्य आहे आणि तिचे पुण्य यज्ञाहूनही अधिक आहे, असे तेथे सांगितले आहे.

प्रत्यक्षात हा उतार सर्वांना खुला राहिला नाही. गोदाकाठच्या पंचवटीत काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. चंद्रभागेच्या तीरावर विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. पलीकडे नेणाऱ्या जागेवरच माणसाला अडविले जात होते. धर्माच्या दृष्टीने तो अन्याय होताच. पण शब्दाच्या दृष्टीने पाहिले तरी, ज्या जागी माणसाला पार होऊ दिले जात नाही, ती जागा तीर्थ या नावाला पात्र ठरत नाही.

आज नद्यांवर पूल झाले आणि पायउतार विस्मृतीत गेले. शब्द मात्र टिकून आहे, आणि त्याचा मूळ अर्थही त्याच्या धातूत तसाच शाबूत आहे.