स्मृती, साक्ष आणि संहिता : ‘लीळाचरित्रा’च्या घडणीचा एक विचार

मराठी गद्याच्या इतिहासात ‘लीळाचरित्रा’ला आद्य ग्रंथाचे स्थान दिले जाते. त्याची चर्चा बहुधा भाषा, निवेदनशैली आणि तत्कालीन समाजदर्शन या अंगांनी होते. हा ग्रंथ स्मृतीतून घडला, ही गोष्ट मात्र प्रस्तावनेत एकदा नमूद होते आणि तिथेच सुटते. वास्तविक ‘मूळ संहिता कोणती?’ हा पाठचिकित्सेचा प्रश्न ‘माणूस आठवतो म्हणजे काय करतो?’ या प्रश्नापासून येथे वेगळा काढता येत नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरांच्या प्रयाणानंतर, त्यांचे अनुयायी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांभोवती एकत्र आले. ज्यांनी चक्रधरांना पाहिले व ऐकले होते त्यांच्याकडून म्हाइंभटांनी आठवणी मिळवल्या, आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या ग्रथित केल्या. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे पंथपरंपरा सांगते. म्हणजे उपलब्ध संहिता दुहेरी स्मरणाची आहे : एक प्रसंगाचे, दुसरे ग्रंथाचे. ही दोन स्मरणे एकाच जातीची नव्हेत.

स्मृतीच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ हेर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ मधील ग्रंथापासून मानला जातो. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला. अर्थ वगळल्यावर स्मृती हे केवळ साठवण व गळती यांचे गणित उरते. १९३२ मध्ये फ्रेडरिक बार्टलेट यांनी नेमकी उलट बाजू पुढे आणली. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने पुन्हापुन्हा सांगायला लावली. अपरिचित तपशील गळत गेले, काही परिचित रूपात बदलले, आणि कथा सांगणाऱ्याच्या संस्कृतीला पटेल अशी होत गेली. आठवणे ही पुनर्रचना आहे, हा बार्टलेट यांचा निष्कर्ष पुढील संशोधनाने अधिकच दृढ केला.

१९७२ मध्ये एंडेल टल्विंग यांनी प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा भेद मांडला. पहिलीत अमुक स्थळी, अमुक वेळी आलेला अनुभव असतो. दुसरीत प्रसंगापासून सुटे झालेले ज्ञान असते. महानुभाव वाङ्मयाची व्यवस्था या भेदाच्या प्रकाशात पाहण्याजोगी आहे. लीळा ही प्रसंगाची स्मृती आहे. तिच्यात कोण आले, काय विचारले, उत्तर काय मिळाले, हे सर्व आहे. केसोबासांच्या ‘सूत्रपाठा’त मात्र चक्रधरांची वचने प्रसंगातून काढून एकत्र केली आहेत. ती पाठांतराला सोपी आणि विचाराला आटोपशीर झाली. परंतु बोलण्याचे निमित्त गळाले. म्हणूनच प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणाऱ्या ‘प्रकरणवशा’ची गरज पुढे परंपरेला भासली. अर्थस्मृती प्रसंगस्मृतीवाचून अपुरी पडते, याचा याहून स्पष्ट वाङ्मयीन पुरावा क्वचितच सापडेल.

या दोहोंना तिसरा आधार आहे तो स्थळाचा. ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने बारकाईने नोंदवते, आणि अनुयायी आजही तेथे नमस्कार करतात. सामूहिक स्मृतीची संकल्पना १९२५ मध्ये मांडणारे मोरिस अल्बवाक्स यांनी १९४१ मध्ये ख्रिस्ती पवित्र भूमीच्या स्थळांचा विचार केला, तेव्हा समूह आपल्या गरजेनुसार आठवणी भूमीवर बसवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन येथे काही अंशी लागू पडते. तथापि ते पुरेसे नाही. कारण स्मृती समूहाच्या चौकटीत घडत असली, तरी आठवणारी व्यक्ती समूहात विरून जातेच असे नाही.

‘लीळाचरित्रा’च्या पोथ्यांत पाठभेद नोंदताना ‘वासना’ आणि ‘शोधु’ हे शब्द येतात, आणि अनेकदा तो पाठ कोणाचा हेही सांगितलेले असते. दर्शनपरंपरेत वासना म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटलेला संस्कार. तोच शब्द पाठभेदाला लावण्यात एक ज्ञानमीमांसा गृहीत आहे. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा मानत नाही, कारण ती पूर्वीच्या अनुभवावर अवलंबून असते. मग स्मृतीचे मोल तपासायचे, तर ‘हा अनुभव कोणाचा?’ हे विचारावेच लागते. महानुभाव लेखकांनी त्या प्रश्नाचे उत्तर पोथीतच नोंदवून ठेवले.

येथे दोन टोके टाळली पाहिजेत. स्मृती पुनर्रचना करते, म्हणून ती कल्पित ठरत नाही. आणि ती श्रद्धेने जपली, म्हणून अविकृत राहिली असेही म्हणता येत नाही. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेल्या आवृत्तीसारख्या कार्यामुळे अभ्यासकांना ग्रंथाची समग्र संहिता हाताशी आली, हे ऋण मोठे आहे. परंतु पाठभेद म्हणजे लेखनिकांच्या प्रमादाने आलेली विकृती, ही हस्तलिखितांच्या वंशवृक्षावर उभी असलेली धारणा या ग्रंथाला सरसकट लावता येणार नाही. जेथे दोन पाठ दोन साक्षीदारांचे आहेत, तेथे एकाची निवड करून दुसरा तळटिपेत ढकलणे म्हणजे एक साक्ष बाद करणे होय. अशा स्थळी दोन्ही पाठ सनामनिर्देश शेजारी ठेवणे, हीच या ग्रंथाच्या प्रकृतीला मानवणारी संपादनपद्धती ठरेल.