दारातली सायकल



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हाताला सवय सुई-दोऱ्याची व पोळपाटाची, लेखणीची नाही. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही रोज सायकलवर मंडळात येता आणि बायका तिच्याभोवती गोळा होतात. तिच्याविषयीच लिहा की." हे मात्र पटले. तेव्हा थोडे वाचनालयातल्या पुस्तकांतून वाचून, थोडे लेकीला विचारून आणि बाकीचे माझ्या आठवणीतले, असा हा सायकलीचा इतिहास लिहीत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

ही सायकल मुळात माझी नव्हे, लेकीची. आमची शेतवस्ती गावापासून साडेतीन किलोमीटर. लेक आठवीत गेली त्या वर्षी शासनाच्या योजनेतून तिच्या सायकलीचे पैसे खात्यावर आले. पाच वर्षे ती सायकलवरच शाळेत गेली. पुढे ती शिकायला जालन्याला वसतिगृहात राहिली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गोणपाटाखाली पडली. दोन पावसाळ्यांत चेन गंजली, टायरला चिरा गेल्या. भंगारवाला दारात आला तेव्हा घरच्यांनी ती द्यायला काढली होती. मी म्हटले, "राहू द्या. शिवणवर्गाला आणि डेअरीला मला रोज जावे लागते. मीच चालवीन." घरात सगळे हसले. मी मात्र दुसऱ्या दिवशी दूध नेणाऱ्या टेम्पोत ती टाकली आणि दुकानात नेली.

दुकानदाराने तिचे सगळे भाग सुटे केले. मी तिथेच बाकावर बसून होते. एकेक भाग समोर येत होता तसे मनात आले, हे सारे कोणी आणि कधी शोधून काढले असेल? पुढे वाचले तेव्हा त्याचा उलगडा झाला.

पहिला प्रश्न चाकांचा. जर्मनीत मॅनहाइम गावी कार्ल ड्रेस या गृहस्थाने १८१७ साली दोन लाकडी चाकांची गाडी केली. तिला पायडल नव्हते. मध्ये बसावयाचे आणि पायांनी जमीन ढकलीत पुढे जावयाचे. पायडल आले ते १८६० नंतर पॅरिसमध्ये, तेही पुढच्या चाकाला. मग वेग वाढावा म्हणून पुढचे चाक मोठे मोठे करीत गेले. १८७० नंतरच्या सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान. तिच्यावरून पडणारा तोंडावरच पडे. लुगडे किंवा घोळदार झगा नेसून तिच्यावर चढणे तर अशक्यच. अखेर १८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावी जॉन स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल केली. दोन्ही चाके जवळपास सारखी, पायडल मध्ये आणि चेनीने मागचे चाक फिरावयाचे. मुंबईस काँग्रेस स्थापन झाली तेच हे साल. आज आपल्या दारात उभी असते ती सायकल या रोव्हरचीच लेक म्हणावयाची.

दुसरा प्रश्न टायरचा. पूर्वी चाकांना लोखंडी नाहीतर भरीव रबराची धाव असे व सारे अंग खिळखिळे होई. आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरी जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहात. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हादरे बसत, म्हणून १८८८ साली त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकांवर बसविली. आपण पंक्चर काढतो ती ट्यूब अशी एका बापाच्या मायेतून आली. जोतिराव फुल्यांना मुंबईच्या लोकांनी महात्मा म्हटले तेही साल १८८८च.

आणि याच वर्षाचा आपल्या मराठी मुलखाशीही एक धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. सायकल विकावयाची, दुरुस्त करावयाची आणि चालवावयास शिकवावयाचीही. आपल्या शेतकऱ्यांच्या हाती लोखंडी नांगर देणारा, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारा मोठा कारखाना या सायकलीच्या दुकानातून वाढला. त्याच किर्लोस्करांकडून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. पूर्वीच्या कितीतरी घरांत बायकांनी ते वाचले आणि पुष्कळ नवे विचार त्यातून माजघरापर्यंत पोचले.

आता आपल्या कामाची गोष्ट, म्हणजे बायकांची सायकल. दुकानदाराने माझ्या सायकलीला बंद चेनकव्हर बसविले आणि मागच्या चाकाला जाळी लावली, त्यामुळे साडीचा काठ चेनीत वा आऱ्यांत जात नाही. मला वाटले, ही हल्लीची युक्ती असेल. तसे नाही. १८९० च्या सुमारासच तिकडे बायकांसाठी निराळ्या सायकली निघाल्या होत्या. मधली नळी खाली वाकवलेली, म्हणजे टांग टाकावी लागू नये. चेनीवर झाकण, आणि झगा अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी. अमेरिकेत ॲनी लंडनडेरी या नावाने गाजलेली एक बाई १८९४ साली बोस्टनहून सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली. वाटेत बोटीनेही गेली, पण १८९५ साली परत आली. ती तीन लेकरांची आई होती, आणि निघण्याआधी थोडेच दिवस सायकल शिकली होती. बायकांच्या मताच्या हक्कासाठी जन्मभर झटलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली आपले मत सांगितले की, बायकांना मोकळे करण्याचे काम जगात सायकलीइतके दुसऱ्या कशानेही केलेले नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गप्प बसले. कारण माझ्या जन्माच्या आधी नव्वद वर्षे बायकांची सायकल तयार होती.

आपल्या देशात सायकली पूर्वी विलायतेहून येत, म्हणून त्या साहेबाच्या, डॉक्टरच्या नाहीतर मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी दिसत. स्वातंत्र्य मिळाल्यावर चित्र पालटले. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलीस सायकलींसाठी टी. आय. सायकल्सची कंपनी निघाली, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो. यातल्या हीरोने पुढे इतक्या सायकली केल्या की १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. ॲटलसने मात्र २०२० च्या जून महिन्यात, नेमक्या जागतिक सायकल दिनी, आपला शेवटचा मोठा कारखाना बंद केला. या देशी कारखान्यांमुळेच सायकल शिक्षकांकडे, पोस्टमनकडे, दूधवाल्याकडे आणि शेवटी आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या ओसरीवर आली.

माझे माहेर अंबड तालुक्यातले. माझा जन्म १९८१ चा, म्हणजे मी आपल्या जालना जिल्ह्याच्याच वयाची. जिल्हाही १ मे १९८१ रोजीच जन्मला. आमच्या दादांची सायकल माझ्याहून वडील. १९७२ चा दुष्काळ सरल्यावर कापसाच्या पैशातून त्यांनी ती घेतली होती, काळी, उंच, दोन पायांच्या स्टँडची. खंडेनवमीला तिचा थाट बघावा. आदल्या दिवशी मी रॉकेलच्या फडक्याने एकेक आरा पुसायची, हबभोवती रंगीत ब्रश घालायची, हँडलच्या मुठींना गोंडे बांधायची. सकाळी दादा तिला हळदकुंकू वाहात, झेंडूची माळ घालीत आणि गावातून एक फेरी मारीत. भाऊ पुढे नळीवर बसे. मी ओसरीवरून बघे. नऊ वर्षांची असताना एकदा मी नळीखालून पाय घालून तिला अर्ध्या पायडलवर अंगणभर फिरवले. आजीने पाहिले. "पोरीच्या जातीने सायकलीला हात लावायचा तो पुसायला," ती म्हणाली. त्यानंतर मी तिला पुसण्यापुरताच हात लावला.

१९९३ साली मी सातवी पास झाले. वर्गात दुसरा नंबर होता. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीची शाळा चार किलोमीटरवरच्या गावात. एसटीची वेळ जुळत नव्हती, पोरीला एकटीला पायी पाठविणे कोणाला मान्य नव्हते, आणि सायकलीचे नाव काढायची तर सोयच नव्हती. बाईंनी घरी येऊन दादांना सांगून पाहिले. दादांनी चहा दिला आणि मान खाली घातली. दोन वर्षांनी त्याच सायकलीवर भाऊ त्याच शाळेत गेला. तोवर मी निंदणी-खुरपणीत रुळले होते. दादांना मी दोष देत नाही. गावात तोवर एकही मुलगी सायकलवर गेलेली नव्हती, आणि पहिली पाठविण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. पण खंडेनवमीला आरे पुसताना पुढची चार वर्षे, माझे लग्न होईपर्यंत, मी त्या सायकलीशी बोलले नाही. बोलले नाही म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको.

पुढे वाचनात आले की त्याच सुमारास तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात निराळेच घडत होते. १९९१ साली तिथे साक्षरतेची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत या बाई तेव्हा तिथल्या कलेक्टर. अक्षरे शिकणाऱ्या बायकांना जायला-यायला वाहन हवे, म्हणून त्यांनी सायकल शिकण्याचा कार्यक्रम मोहिमेला जोडला. शेतमजूर बाया, खाणीतल्या कामकरणी, अंगणवाडीच्या सेविका अशा हजारो जणी शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्या पुरुषांच्या नळीच्या सायकलींवरही बसू लागल्या. १९९२ च्या महिला दिनाला पंधराशेहून अधिक बायका सायकलवरून मिरवणुकीत निघाल्या. त्याही आपल्यासारख्याच उन्हातान्हात राबणाऱ्या. मी सातवीत जाण्याआधी तीन महिने ही मिरवणूक निघाली होती, आणि आमच्या गावाला तिची गंधवार्ताही नव्हती.

शाळेच्या मुलींना सायकल देण्याचे काम बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींपासून मोठ्या प्रमाणावर केले. त्याचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, पुढच्या वर्गात नाव घालणाऱ्या मुली सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्या, आणि जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तिथे सर्वांत जास्त. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. दूरच्या गावांसाठी निळ्या बसगाड्या आहेत. त्या बसमधून आपल्या जिल्ह्यातल्या मुली रोज येतात-जातात, त्या आपण पाहतोच. चार किलोमीटर हे अंतर तेव्हाही तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे.

आता माझी सायकल कशी तयार केली ते सांगते, कारण बायका तेच विचारतात. दोन टायर व ट्यूबा नव्या, चेन नवी, ब्रेकचे रबर नवे. चाक डगडगत होते त्याचा आऊट काढून घेतला. सगळे छर्रे धुऊन ग्रीस भरले. सर्व मिळून साडेचौदाशे रुपये लागले, ते माझ्या शिवणाच्या पैशातले. सीट इतकीच उंच ठेवली आहे की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात. नवशिकीने असेच ठेवावे. पुढे जाळीची टोपली, तीत डबा व शिवणाची पिशवी. मागे कॅरिअर, त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी. दुधाची किटली तिने घट्ट बांधता येते. पुढे सेलचा दिवा, मागे लाल दिवा, कारण हिवाळ्यात परतताना अंधार होतो. पदर कमरेला खोचावा, निऱ्या थोड्या वर घ्याव्यात. हवा आठवड्याला एकदा बघावी, अंगठ्याने टायर दाबला गेला तर भरून घ्यावी. चेनीला महिन्यातून एकदा तेल, पण थेंबभरच. जास्त झाले तर धूळ धरते.

शिकायला मला अठरा दिवस लागले. लेक सुट्टीत आली होती, तिने मागून कॅरिअर धरले. बांधावर दोनदा पडले, एकदा कोपर सोलले. एकोणिसाव्या दिवशी ती "धरलंय, धरलंय" म्हणत होती आणि तिचा आवाज लांबून येत होता. मग मला समजले की तिने केव्हाच सोडले आहे.

या वर्षी खंडेनवमीला मी हबला रंगीत ब्रश घातले, मुठींना गोंडे बांधले, माळ घातली आणि मीच गावातून फेरी मारली. पारावरचे काही जण हसले. एक म्हातारी मात्र दारातून म्हणाली, "थांब गं, नीट बघू दे." मी थांबले. तिने घंटी वाजवून पाहिली, सीटवर हात फिरवला, आणि मला ओवाळायला आत जाऊन आरती घेऊन आली.

दादा आता थकले आहेत. मागच्या महिन्यात ते आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांच्यासमोरच सायकल काढून डेअरीला गेले. परत आले तर ओसरीवर बसलेले. काही बोलले नाहीत. फडके मागून घेतले आणि सायकलीचे आरे एकेक करून पुसू लागले.

असो. लेख लांबला. मंडळातल्या ज्या भगिनींना शिकावयाचे असेल त्यांनी दर शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या मैदानावर यावे. सायकल माझी राहील. मागून धरायलाही मी आहे, आणि पडल्यास लावायला हळद बरोबर आणीन. वयाची अट नाही.